पाय वाजवायला शिका

अमेरिकेत मुलांना नाचाच्या वर्गाला सोडणाऱ्या मराठी आईबाबांची जागा ठरलेली असते: स्टुडिओबाहेरचा बाक. हातात फोन, मांडीवर कोणाचं तरी जॅकेट, आणि दारापलीकडून तासभर येणारा खडखडाट. त्या बाकावर मीही बसले आहे. शेजारच्या बायकांशी भाजीच्या दुकानापासून व्हिसापर्यंत सगळं बोलून व्हायचं आणि बोटं मात्र पर्सवर आतल्या ठेक्यात वाजत राहायची. आता माझी मुलगी मोठी झाली आणि मी दाराच्या आतल्या बाजूला असते. बाहेर बसलेल्यांना माझं सांगणं असं की त्याच स्टुडिओच्या वेळापत्रकात, अगदी खाली, 'ॲडल्ट बिगिनर टॅप' अशी एक ओळ बहुधा असते. तिथे नाव नोंदवा.

"आता या वयात?" हे घरचे विचारतील, मंडळाच्या गणपतीत भेटणाऱ्या मैत्रिणी विचारतील. उत्तर तयार ठेवा. टॅपला नाच म्हणतात खरं, पण शिकणाऱ्याने त्याच्याकडे वाद्य म्हणूनच बघावं. बुटाच्या चवड्याखाली एक आणि टाचेखाली एक अशा धातूच्या पट्ट्या, दोन्ही पायांच्या मिळून चार, आणि त्यांच्याखाली लाकडी जमीन. एवढ्यातून आवाज काढायचा असतो. पाय डोक्यापर्यंत गेला पाहिजे, कंबर अमुक इंचच हवी, असली अट त्यात नाही. पन्नाशीत पेटी किंवा तबला शिकायला निघालेल्याला आपण "वा, छान" म्हणतो, मग इथेही तसंच म्हणावं. लागतो तो कान, सैल घोटा आणि हळू जाण्याची तयारी. भजन, नाट्यसंगीत, ढोलकी ऐकत वाढलेल्या माणसाचा कान बऱ्यापैकी तयार असतो. घोटा काही महिन्यांत सैल होतो. हळू जाण्याची तयारी मात्र नोकरीत वर पोचलेल्या, सगळं पटकन समजून घ्यायची सवय लागलेल्या माणसांत फार कमी दिसते, आणि वर्ग अर्धवट सोडणारे बहुतेक तिथेच गळतात.

वयाची शंका तरीही जात नसेल तर टॅप नर्तक ग्रेगरी हाइन्स यांचा १९८९चा 'टॅप' हा सिनेमा मिळवून बघा. गोष्ट बेताचीच आहे. पण त्यात जुने नर्तक एकेक करून पुढे येतात आणि आपापली खासियत दाखवतात: हॅरल्ड निकलस, जिमी स्लाइड, बनी ब्रिग्ज, सँडमॅन सिम्स, सॅमी डेव्हिस ज्युनियर. हे सगळे तेव्हा साठीच्या पुढचे होते. डोळे मिटून नुसतं ऐकलंत तरी प्रत्येकाचे पाय वेगळे ओळखू येतात. आणि क्लेटन बेट्स, ज्यांना सगळे 'पेग लेग' बेट्स म्हणत, त्यांचा एक पाय १२व्या वर्षी कापसाच्या गिरणीतल्या अपघातात गेला होता. लाकडी पायावर नाचत ते एड सलिव्हन यांच्या टीव्ही कार्यक्रमात वीसहून अधिक वेळा आले. एका पायाचा आवाज वेगळा आणि दुसऱ्याचा वेगळा, हेच त्यांनी आपलं वाद्य केलं. तेव्हा "माझा डावा गुडघा जरा कुरकुरतो" ही सबब पुरेशी नाही. गुडघ्याबद्दल पुढे बोलूच.

आधी बूट. उत्साहाच्या भरात दोनशे डॉलरचा जोड घेऊ नका. नवशिक्याचे बरे बूट साधारण ४० ते ७० डॉलरमध्ये मिळतात. वर्षभर टिकलात, तर पुढे चांगल्या जाड चामड्याच्या तळव्याचा जोड घ्या. नाडीचा, चपट्या टाचेचा, पुरुषी दिसला तरी चालेल असा बूट निवडा. उंच टाचेचे, पट्ट्याचे नाजूक बूट दुकानात खुणावतात. पण पहिल्या वर्षी तोल सांभाळणं हेच अर्धं काम असतं, तेव्हा टाच जमिनीजवळ हवी. बूट मोजे घालून मापून बघा आणि घट्टच घ्या, म्हणजे बोटं चेपायला नकोत, पण टाच आत सरकायलाही नको. बुटात पाय हलला की आवाज उशिरा येतो आणि दोष तुम्ही पायाला देत बसता.

पट्ट्या स्क्रूने बसवलेल्या असतात आणि हे स्क्रू नाचून नाचून सैल होतात. पिशवीत एक छोटा स्क्रूड्रायव्हर ठेवा आणि वर्गाआधी बूट उलटे करून बघा. एखादा स्क्रू बाहेर डोकावत असेल तर जमिनीवर ओरखडा येतो, आणि पाय सटकतो तो वेगळाच. नवे टॅप गुळगुळीत फरशीवर बर्फासारखे घसरतात, म्हणून स्टुडिओच्या खोलीत शिरल्यावरच बूट घाला. पार्किंगच्या डांबरावर तर त्यांना पायसुद्धा लावू देऊ नका.

जमिनीचं महत्त्व बुटापेक्षा कमी नाही, उलट जास्तच आहे. नाचाच्या स्टुडिओतल्या लाकडी जमिनीखाली पोकळी किंवा लवचीक आधार असतो. त्यामुळे आवाज भरतो आणि धक्का गुडघ्यापर्यंत पोचत नाही. काँक्रीटवर किंवा काँक्रीटवर घातलेल्या टाइल्सवर टॅप करू नये. नडगीचं दुखणं तिथूनच सुरू होतं. वर्ग निवडताना शिक्षकाची कीर्ती विचारण्याआधी जमीन कसली आहे ते विचारा. घरी सरावासाठी हार्डवेअरच्या दुकानातून प्लायवूडचा आठ बाय चार फुटांचा तक्ता अर्धा कापून आणा, अर्धा इंच जाडीचा, आणि त्याखाली जुना गालिचा किंवा रबराची चटई घाला. चार बाय चार फुटांत वर्षभराचा अभ्यास होतो. त्यावर पॉलिश करू नका. घरातल्या लाकडी जमिनीवर मात्र टॅपचे बूट घालून उभेही राहू नका. ती जमीन परत घासून घ्यायला येणारा खर्च बघितला की नाचाचा उत्साह कायमचा संपतो.

अपार्टमेंटमध्ये खाली कोणी राहत असेल तर सराव साध्या बुटांत, गालिच्यावर करा. आवाज येणार नाही, पण पायाची वाट पक्की होईल. माझं मत असं की सरावाचा निम्मा वेळ बिनआवाजाचाच असावा, कारण धातूचा खणखणाट ऐकून माणूस स्वतःवर लवकर खूश होतो.

आता पहिला वर्ग. आधी दहाएक मिनिटं घोटे, पोटऱ्या, पंजे मोकळे करतात. ही दहा मिनिटं चुकवू नका, उशिरा येणाऱ्यांना पुढे तेच नडतं. मग शिक्षक 'फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट' म्हणतात आणि पहिला तुकडा सुरू होतो. हा बहुधा 'शफल' असतो. डाव्या पायावर उभं राहायचं, गुडघा किंचित सैल. उजवा पाय जमिनीपासून दोन इंच वर, घोटा सोडलेला. पाय पुढे झुलवताना चवड्याची पट्टी जमिनीला लागली की एक आवाज, मागे येताना लागली की दुसरा. झालं. दोनच आवाज, पण ते दोन ऐकू यायला हवेत. नवशिक्याच्या शफलमधून एकच लांबलचक खरखर निघते, कारण तो पाय जमिनीवर दाबून घासतो. जमिनीला स्पर्श करायचा आणि लगेच सोडायची. झोका मांडीतून न देता गुडघ्याखालून द्यायचा, घोटा आपोआप मागे येतो. शफल मोठा केला की चुकतो. लहान, जमिनीलगत, आळशी वाटेल इतका करा.

जमिनीलगत राहण्यावरून एलिनॉर पॉवेल आठवते. 'बॉर्न टू डान्स' या १९३६च्या सिनेमातली ही नटी टॅपमध्ये अनेक पुरुषांना भारी होती. पण ती आली होती बॅले आणि कसरतीतून, आणि टॅप तिला आधी मुळीच आवडत नसे. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर काम हवं तर टॅप यायलाच हवा म्हणून ती जॅक डोनह्यू यांच्याकडे दहा धडे शिकली. बॅलेच्या सवयीने तिचं अंग सारखं वर उचललं जाई. उपाय म्हणून तिच्या कमरेला वाळूच्या पिशव्या लावलेला पट्टा बांधला. टॅपमध्ये तिने घेतलेलं रीतसर शिक्षण तेवढंच. भरतनाट्यम किंवा कथक शिकलेल्यांना पट्ट्याची गरज नाही, त्यांची अडचण निराळी असते. त्यांना पूर्ण तळवा आपटायची सवय असते, आणि टॅपमध्ये चवडा आणि टाच वेगवेगळे बोलले पाहिजेत. लय त्यांना आधीच येते, म्हणून वर्गात त्या पुढे जातात, आणि मग पहिल्या स्वच्छ शफलला अडतात. एवढी सवय मोडली की मात्र त्यांना अडवणारं कोणी नाही.

शफलनंतर 'फ्लॅप' येतो. तोही दोन आवाजांचा: चवडा पुढे घासून, त्याच पायावर पाऊल. बघणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. फरक असा की शफल संपतो तेव्हा पाय हवेत असतो, आणि फ्लॅप संपतो तेव्हा सगळं वजन त्या पायावर आलेलं असतं. टॅपमधला सगळा गोंधळ या एका फरकात साठलेला आहे. वर्गात पाय अडखळले की आपण "पुढची स्टेप कुठली?" म्हणून शेजारणीकडे बघतो. त्याऐवजी स्वतःला विचारा: माझा कुठला पाय मोकळा आहे? ज्याच्यावर वजन आहे तो पाय उचलून वाजवता येत नाही, इतकं साधं आहे. 'बॉल चेंज' म्हणजे मागच्या चवड्यावर क्षणभर वजन टाकून लगेच पुढच्या पायावर परत घेणं. शफलला ते जोडलं की 'शफल बॉल चेंज', चार आवाज. 'स्टँप' आणि 'स्टॉम्प' यांत पायाचं काम जवळजवळ एकच, फक्त पहिल्यात वजन जातं, दुसऱ्यात नाही. 'क्रॅम्प रोल'मध्ये उजवा चवडा, डावा चवडा, उजवी टाच, डावी टाच. हळू केलं तर कोणालाही येतं, आणि वेगात चार आवाज सारख्या अंतराने पडायला वर्ष लागतं.

टाचेची गोष्ट निघाली म्हणून सांगते. बिल रॉबिन्सन, ज्यांना 'बोजँगल्स' म्हणत, ते बहुतांशी चवड्यांवर नाचत. आवाज पातळ आणि नेमका. त्यांच्या नंतरचे जॉन बबल्स यांनी टाचा खाली आणल्या, त्यामुळे जाड आवाज आला आणि मात्रांच्या मधल्या जागा भरायला लागल्या. हार्लेममध्ये 'हूफर्स क्लब' नावाची नाचणाऱ्यांची एक खोली होती. तिथे पोरवयात बबल्स यांची टर उडवली गेली, ते निघून गेले, आणि भरपूर सराव करून परतले, असं सांगतात. आज वर्गात 'हील ड्रॉप' शिकवतात तेव्हा कंटाळू नका. नुसती टाच टेकवायची, यात काय शिकायचं, असं वाटतं. पण चवड्याच्या आवाजाखाली टाचेचा आवाज बसला की एकट्याच्या पायातून जुगलबंदी ऐकू यायला लागते.

सराव रोज करा आणि थोडा करा. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. रविवारी दोन तास बसवून ठेवलेला सराव नुसता पोटऱ्या दुखवतो. फोनवर मेट्रोनोम घ्या, मिनिटाला ६०वर लावा, आणि एका मात्रेला एकच आवाज काढा. चार-पाच दिवस तो एकसारखा पडला की मगच दोन. डावा पाय दुबळा असतो, त्याला दुप्पट वेळ द्या आणि सुरुवात नेहमी त्यानेच करा. आठवड्यातून एकदा फोनवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा, व्हिडिओ नको. व्हिडिओत आपण हात कसे दिसतात आणि पोट किती सुटलंय तेच बघतो. आवाज ऐकला की दुसरा शफल पहिल्यापेक्षा घाईत पडतोय हे लपत नाही.

आणि तोंडाने म्हणा. इंग्रजीत 'अँड-अ-वन' मोजताना आपली जीभ अडखळते, तेव्हा आपले बोल बनवायला काहीच हरकत नाही. मी शफल बॉल चेंजला 'त-क-धि-न' म्हणते. वर्गातली एक आजी, शिकागोत वाढलेली, ते ऐकून आता तेच म्हणते. कथकमध्ये आधी पढंत, मग पाय. हीच शिस्त इथे लागू पडते. तोंडाला आलं नाही ते पायाला येत नाही.

इथेच एक सावधगिरी. आपला कान लयीला पक्का असला तरी जॅझच्या लयीला नवा असतो. एका मात्रेचे दोन तुकडे केले तर आपण ते सारखे करतो. जॅझमध्ये पहिला लांब आणि दुसरा आखूड, मात्रेचे तीन भाग मानले तर साधारण दोन आणि एक. यालाच स्विंग म्हणतात. तिस्र जातीची लय ज्याने हाताने मोजली आहे त्याला हे लवकर उमगतं. शिवाय आपण भजनात समेवर जोर देतो, आणि इथे टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. काउंट बेसी किंवा ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाची संथ गाणी लावा आणि पाय न हलवता फक्त दोन-चारवर टाळ्या वाजवत स्वयंपाक करा. पंधरा दिवसांत फरक पडेल. बॉलिवूडच्या गाण्यावर टॅप करायचा मोह मंडळाच्या स्नेहसंमेलनासाठी होणारच. करा, पण पहिलं वर्ष जाऊ द्या. सरळ ठेक्यावर शिकलेला पाय नंतर स्विंगला वळत नाही.

हा नाच कुणाचा आहे तेही शिकताना माहीत असावं. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांचं पदलालित्य आणि आयर्लंड-इंग्लंडच्या गरीब स्थलांतरितांचे जिग आणि क्लॉग, यांच्या सरमिसळीतून तो अमेरिकेत घडला. दक्षिण कॅरोलिनात १७३९ साली स्टोनो नदीकाठी गुलामांनी बंड केलं, तेव्हा ते ढोल वाजवत निघाले होते. पुढच्याच वर्षी तिथल्या कायद्याने त्यांच्या ढोलांवर बंदी आणली. ढोल गेला, हात-पाय-अंग राहिलं, आणि ताल त्यांत उतरला, अशी ही परंपरा स्वतःची कहाणी सांगते. १८४०च्या दशकात न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स या बकाल वस्तीत आयरिश आणि कृष्णवर्णीय शेजारीशेजारी राहत. तिथल्या एका तरुण कृष्णवर्णीय नर्तकाचं वर्णन चार्ल्स डिकन्स यांनी १८४२च्या अमेरिका-प्रवासाच्या पुस्तकात केलं आहे. तो विल्यम हेन्री लेन, म्हणजे 'मास्टर जुबा', असं मानतात.

पुढची गोष्ट तितकीशी गोड नाही. तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणारे गोरे नट याच नाचावर पैसा कमवत होते. रॉबिन्सन यांनी 'द लिटल कर्नल'मध्ये (१९३५) छोट्या शर्ली टेंपलबरोबर जिन्यावर नाच केला, तो जगभर गाजला, पण त्यांच्या वाट्याला भूमिका आली ती नोकराची. निकलस बंधूंचे नाच सिनेमात अशा बेताने घालत की दक्षिणेतल्या थिएटरांना ते कापून टाकता यावेत. गोरे नर्तक-नट फ्रेड ॲस्टेअर थोर, त्यात वाद नाही. पण 'स्विंग टाइम'मध्ये (१९३६) रॉबिन्सन यांना मानवंदना म्हणून त्यांनी केलेला नाच काळ्या रंगात माखलेल्या तोंडाने केलेला आहे, हे बघताना डोळ्याआड करू नका. नावं लक्षात ठेवा. आपल्याकडे शाहिराचं आणि लावणीच्या कलावतीचं नाव विसरून गाणं तेवढं उचलायची खोड आहे, ती इथे नको.

काय बघावं असं कोणी विचारलं तर मी 'स्टॉर्मी वेदर' (१९४३) मधला निकलस बंधूंचा नाच सांगते. फेयार्ड आणि हॅरल्ड, कॅब कॅलोवे यांच्या वाद्यवृंदासमोर. हे दोघे फिलाडेल्फियाच्या स्टँडर्ड थिएटरात आईवडिलांच्या नोकरीमुळे बसून बसून, बघून बघून शिकले. बघा, थक्क व्हा, आणि त्यातलं काहीही करायला जाऊ नका. पायऱ्यांवरून उड्या मारत पाय फाकवून उतरणं हे आपल्या विम्यात बसत नाही. 'सिंगिंग इन द रेन' (१९५२) सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्यातली डेबी रेनॉल्ड्स मुळात नाचणारी नव्हती, कसरत केलेली मुलगी होती. 'गुड मॉर्निंग' गाण्याच्या चित्रीकरणानंतर पायांतून रक्त आलं होतं, असं तिनेच पुढे सांगितलं. ही गोष्ट लोक मोठ्या कौतुकाने सांगतात. मला ती कौतुकाची वाटत नाही. आपल्याला कुठल्या निर्मात्याला तारीख द्यायची नाही. पायाला फोड आला तर बूट काढून ठेवा.

आता गुडघा. टॅपमध्ये उड्या टाळता येतात, आणि बऱ्या शिक्षकांना ते सांगितलं की ते त्याच तुकड्याचा जमिनीवरचा प्रकार देतात. मागायला लाजू नका. दुखणं दोन प्रकारचं असतं. पोटऱ्या भरून येणं हे सरावाचं दुखणं, दोन दिवसांत जातं. नडगीच्या हाडावर बोट ठेवल्यावर टोचणारं, टाचेच्या वरच्या शिरेत सकाळी उठताना जाणवणारं, गुडघ्याच्या आत चमक मारणारं दुखणं वेगळं. ते असलं की थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. मधुमेह असणाऱ्यांनी तर आधीच विचारावं, कारण तळव्याची संवेदना कमी झालेली असेल तर घट्ट बुटातला फोड कळत नाही आणि चिघळतो. वर्गानंतर घरी येऊन मोजे काढून तळवे बघायची सवय लावा. तोलाची भीती असेल तर भिंतीजवळच्या दांड्याशी जागा घ्या. दात घासताना एका पायावर उभं राहिलात, आज डावा, उद्या उजवा, तर दोनेक महिन्यांत तो दांडा सुटतो.

पुण्या-नाशकात हे वाचणाऱ्यांसाठी वेगळं थोडं. आपल्याकडे टॅपचे वर्ग मोजकेच, आणि घरं सगळी काँक्रीटवर टाइल्स घातलेली. म्हणजे प्लायवूडचा तक्ता आणि त्याखाली जाड चटई ही पहिली खरेदी, बूट दुसरी. टॅपच्या पट्ट्या सुट्याही मिळतात. जुन्या, चामडी तळव्याच्या नाडीच्या बुटांना त्या चांगल्या मोच्याकडून बसवून घेता येतात. रबरी तळव्याला मात्र स्क्रू धरत नाहीत. व्हिडिओवरून शिकणार असाल तर एकच शिक्षक धरा, निम्म्या गतीवर लावा, आणि अधूनमधून एखाद्या कथकच्या बाईंना किंवा तबलजींना नुसतं ऐकवा. टॅप येत नसला तरी लय कुठे घसरली ते त्यांना बरोबर कळेल. या दोन कलांची ओळख जुनीच आहे. कथकचे पंडित चित्रेश दास आणि न्यूयॉर्कचा तरुण टॅप नर्तक जेसन सॅम्युअल्स स्मिथ २००४ साली अमेरिकन डान्स फेस्टिव्हलमध्ये भेटले, आणि त्या भेटीतून 'इंडिया जॅझ स्वीट्स' हा दोघांचा कार्यक्रम उभा राहिला. भारतातही त्याचे प्रयोग झाले. एकाच्या पायात घुंगरू, दुसऱ्याच्या पायात टॅप. दास तेव्हा साठीचे आणि स्मिथ पंचविशीच्या आसपास. त्यांच्यावर 'उपज' नावाचा माहितीपट आहे. तो कथकवाल्यांनी आणि टॅपवाल्यांनी एकत्र बसून बघावा, भांडायला भरपूर विषय मिळतात.

पैशाचं गणित सोपं आहे. न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी एका वर्गाचे साधारण २० ते २५ डॉलर पडतात. उपनगरातल्या कम्युनिटी सेंटरमध्ये आठ-दहा आठवड्यांचं सत्र बरंच स्वस्त पडतं आणि नवशिक्यांची गर्दीही तिथेच असते. बहुतेक ठिकाणी पहिला वर्ग साध्या बुटांत करू देतात, तेव्हा बूट घेण्याआधी एकदा जाऊन बघा. शिक्षक तुकडा हळू करून दाखवतात का, डावीकडूनही करून घेतात का, आणि कोणी अडलं तर संगीत थांबवतात का, एवढं बघितलं की पुरे. जे शिक्षक पहिल्याच दिवशी स्नेहसंमेलनाच्या पोशाखाची ऑर्डर घेतात त्यांच्यापासून जरा लांब राहा. मैत्रिणीला घेऊन गेलात तर उत्तम. नवऱ्याला घेऊन गेलात तर एक नियम आधीच ठरवा: घरी येताना गाडीत कोणी कोणाला सुधारायचं नाही.

सप्टेंबरात सुरू करा, कारण बहुतेक सत्रं तेव्हाच सुरू होतात. आणि २५ मे ही तारीख धरून ठेवा. रॉबिन्सन यांचा तो जन्मदिवस, १९८९पासून तो अमेरिकेत राष्ट्रीय टॅप दिन म्हणून पाळतात. त्या सुमाराला ठिकठिकाणी टॅपवाले एकत्र जमतात आणि शेवटी 'शिम शॅम' होतो. १९२०च्या दशकाच्या अखेरीस लेनर्ड रीड आणि विली ब्रायंट यांनी बसवलेला हा ३२ आवर्तनांचा छोटासा नाच जगभरच्या टॅपवाल्यांना पाठ असतो. कार्यक्रम संपताना मोठे कलावंत प्रेक्षकांतल्या सगळ्यांना वर बोलावतात आणि सगळे मिळून तो करतात. सप्टेंबरात सुरू केलेल्याला मेपर्यंत तो आरामात येतो. बोलावलं की बसून राहू नका, वर जा. मागच्या रांगेत, कडेला जागा धरा. सुरुवात ठीक होते, 'टॅक ॲनी' नावाच्या तुकड्यालाही पाय कसेबसे जुळतात. जपायचं ते मधल्या क्रॉसओव्हरला, आपापला पाय ओलांडून आडवं सरकताना, कारण धडकाधडकी होते ती तिथेच.